राखून ठेवलेली गजाल

आषाढी अमावास्येच्या दुपारी, भरती चढत असताना, पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा उजवा हात बाजारामागच्या मानसाच्या रहाटात सापडला. अंगठा आणि दोन बोटे गेली. मानस कोसळला, त्याची एक फळी फुटली आणि थोड्याच वेळात मासळीबाजारात गुडघ्याच्या वर पाणी चढले. बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. पालिकेचा सर्वांत मोठा अधिकारी भर पावसात रहाट फिरवायला का गेला होता, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

पालिकेचे नाव येथे देत नाही. सगुण आणि बाबुसो ही नावेही बदललेली आहेत. मुख्याधिकारी हयात आहेत. घटना खाणी बंद पडून सुर्ल्याचे खनिज वाहणारे ट्रक दारोदारी उभे राहिले होते त्या काळातली आहे.

मानस म्हणजे नाल्याच्या तोंडावरचे जाड फळ्यांचे दार. पावसाचे पाणी खाडीत सोडायचे तर ते वर ओढायचे, आणि खाडीला भरती येऊ लागली की खाली सोडायचे. ते साखळीला टांगलेले असते आणि साखळी लाकडी रहाटावर गुंडाळलेली असते. अमावास्या-पौर्णिमेची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले आणि मानस वेळेवर पडला नाही, तर खाडी बाजारात येते. हे शहरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तो पाडायचा कसा, हे त्या वर्षीपर्यंत फक्त तो सांभाळणाऱ्या, रोजंदारीवरच्या सगुणला माहीत होते.

मुख्याधिकारी मूळचे पेडण्याचे. वडील शाळामास्तर, घरची थोडी कुळागर-बागायत. बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या हातात दोन छत्र्या होत्या. पाऊस नव्हता. एक उघडली नाही तर दुसरी, असे त्यांनी शिपायाला सांगितले. पुढे कळले की त्यांच्याकडे बहुतेक वस्तू दोन होत्या. मनगटावर एक घड्याळ आणि खिशात एक. नाकावर एक चष्मा, टेबलाच्या खणात तोच नंबर असलेला दुसरा. सकाळी दारावर पाव विकणाऱ्या पोदेराकडून उंडेही दोन घेत, मात्र खात एकच. दुसरा दुपारी समोर बसलेल्या माणसाला देत, मग तो घरपट्टीची तक्रार घेऊन आलेला का असेना.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला टेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारला.

"तुजो दुसरो खंय?"

म्हणजे तू उद्या आला नाहीस तर तुझे काम येणारा दुसरा माणूस कुठे आहे. कुणालाच प्रश्न कळला नाही. कचऱ्याच्या ट्रॅक्टरचा चालक म्हणाला, "म्हजो दुसरो? सायबा, म्हजे बायलेन आयकलें जाल्यार जेवण बंद करतली." कार्यालय हसले. मुख्याधिकारी हसले नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. चालकाने मान हलवली. दुसरा नव्हता. दिवाबत्तीवाल्याला नव्हता, जन्ममृत्यूच्या टेबलावरच्या कारकुनाला नव्हता, स्मशानभूमीच्या राखणदाराला नव्हता. महिनाभरात शहराने त्यांना 'दुसरोसायब' हे नाव दिले. ते त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही ते न्हाव्याला हाच प्रश्न विचारत. एका लग्नात त्यांनी अंतरपाट धरलेल्या भटजींना विचारल्याचे पाहिलेले लोक आहेत. पत्रकार परिषदेत मला विचारले, "तुमच्या पेपराक तुमचो दुसरो कोण?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "ताका म्हज्याकडे धाडून दियात. वळख करून दवरतां." त्यानंतर त्या सहकाऱ्यालाही चहा मिळू लागला.

प्रश्न विचारून काही हलत नाही, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी जी पद्धत काढली तिने शहर हादरले. सकाळी हजेरी झाली की ते दालनातून बाहेर येत, एका माणसाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "तूं आज मेलो. घरा वच."

त्या माणसाने लगेच उठायचे, किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी जायचे. पगार कापला जात नसे. फोन उचलायला बंदी असे. मागे राहिलेल्यांनी त्याचे काम दिवसभर चालवून दाखवायचे. पहिल्या दिवशी दिवाबत्तीवाला मेला. बसस्टँड आणि वरचा बाजार तिन्हीसांजेला अंधारात राहिले, कारण कुठली पेटी कुठल्या रस्त्याचे दिवे लावते हे कुणालाच सांगता आले नाही. दुसऱ्या खेपेला जन्ममृत्यूच्या टेबलावरचा कारकून मेला. त्याच दिवशी खरोखरच्या मयताचा दाखला मागायला आलेल्या माणसाला, "आमचो मेलो, फाल्यां यो," असे उत्तर मिळाले. तो गोंधळून परत गेला.

ट्रॅक्टरचालक मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको कार्यालयात आली. दारातूनच ती ओरडत होती.

"म्हज्या घोवाक मेलो म्हणून घरा धाडलो? सकाळच्या पारार असलें अभद्र कोण उलयता? तुमचे घरांत कोणूच ना?"

मुख्याधिकाऱ्यांनी तिला खुर्ची दिली, उंडा दिला. ते म्हणाले, "बाये, तो खऱ्यानी मरतलो त्या दिसा शाराचो कोयर कोण काडटलो, तितलें सांग माका."

"तो मेल्यार माका शाराच्या कोयराचें पडून गेलां?"

त्या उत्तरावर त्यांनी आपला स्वतःचा उंडाही तिच्यापुढे सरकवला, असे हेडक्लार्क बाई सांगत. नंतर ते म्हणाले, "खरें." पण पद्धत थांबली नाही.

या हेडक्लार्क बाई पालिकेतल्या सर्वांत जुन्या कर्मचारी. बैठकीचे इतिवृत्त त्याच टाइप करत. मराठी शाळेत शिकलेल्या, बोलायला कमी. दुसरोसायबांच्या पद्धतीला कार्यालयात विरोध न केलेल्या त्या एकट्या. आपल्यामागून कोण, हे मुख्याधिकाऱ्यांनी विचारण्याआधीच बाईंनी ठरवून ठेवले होते.

बाकीचे शिकवायला तयार नव्हते, त्याला कारण होते. पालिकेतले बहुतेक लोक रोजंदारीवर होते. कायम होण्याची वाट पाहणारे. कायम कुणाला करायचे हे नगरसेवक ठरवत, आणि नगरसेवक आपल्या प्रभागातला माणूस पाहत. अशा वेळी ज्याचे काम दुसऱ्या कुणाला येत नाही, त्यालाच काढणे अवघड असते. काम स्वतःपुरते ठेवणे हाच त्यांचा विमा होता. मुख्याधिकाऱ्यांच्या योजनेने तोच काढून घेतला जाणार होता. योजना त्यांनी लिहून काढली होती. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करायचा. परीक्षा कागदावर नाही, कामावर. आणि कायम करायचे ते त्या परीक्षेतून, शिफारशीतून नाही. बदल्यात, जो दुसऱ्याला शिकवेल त्याला प्रथम कायम केले जाईल, असे कलम त्यांनी घातले होते. नगरसेवकांना ती योजना मान्य नव्हती. ती दोनदा पुढे ढकलली गेली.

ज्या बैठकीत ती दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली, त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक विषय मांडला होता. मानसाच्या फळ्या कुजल्या आहेत, पावसाआधी तो बदलला पाहिजे. त्यांचे वाक्य मी स्वतः ऐकले. "बाजारावयलो मानस बदलूंक जाय." विरोध झाला नाही. इतिवृत्त मराठीत तयार झाले. त्यात ठराव असा आला: 'बाजारावरील माणूस बदलण्यात यावा.'

पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम झाले. त्याच बैठकीत 'दुसरो' योजनाही मंजूर झाली, चर्चेविना आणि विरोधाविना. वार्ताहरांच्या बाकावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या दिवशीची बातमी योजनेची होती. इतिवृत्ताकडे कुणी पाहिले नाही.

आठवड्याच्या आत सगुणला काढल्याचा आदेश निघाला. बाजारावरचा माणूस म्हणजे सगुण. त्याच्या जागी एका नगरसेवकाच्या प्रभागातला बाबुसो आला. बाबुसोच्या घरचा ट्रक खाणी बंद झाल्यापासून सुर्ल्याला उभा होता. टायरांतून गवत आले होते. लग्न ठरलेले होते, मुलीकडच्यांनी नोकरी विचारली होती. मानस त्याने लहानपणी पाहिला होता, पुलावरून.

बाजारात हसू आणि संताप दोन्ही होते. "मानस तसोच, मनीस मात बदललो," असे मासळीवाल्या बायका गिऱ्हाइकांना सांगत. मी मुख्याधिकाऱ्यांना विचारले, सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचले नव्हते का. ते म्हणाले, "नजरेंतल्यान चुकलें." चूक दुरुस्त करायला नवीन ठराव लागतो आणि पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे, असे नगराध्यक्षांनी सांगितले. मानस बदलण्याचा ठराव कागदावर नसल्याने त्याची निविदाही निघू शकत नव्हती.

पावसाळ्याला थोडे दिवस उरले होते. मानस कुजका, आणि तो चालवणारा घरी. जून-जुलैतली मोठी भरती कुणासाठी थांबणार नव्हती.

मुख्याधिकारी मुळगावला सगुणच्या घरी गेले. सगुण पन्नाशीचा, किडकिडीत, कमरेला पंचा आणि पंच्यात खोचलेला बोटभर जाडीचा लाकडाचा तुकडा. तो तुकडा सगळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता. कुत्री हाकायला ठेवतो, असा समज होता.

मुख्याधिकारी त्याच्या घराच्या सोप्यावर बसले. बाबुसोला काम शिकव, म्हणाले.

"माका काडून उडयलो," सगुण म्हणाला, "आनी शिकोवपाचेंय हांवेंच?"

"चूक जाली, सगुण. ती सुदारतलो. पूण भरती येतली तेन्ना कोण?"

"तुमी म्हणटात न्ही, मनीस मेलो अशें धरून चलपाचें? धरात. हांव मेलो."

मुख्याधिकारी उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्याही. येताना दोन उंडे आणत. सगुणची बायको आतून म्हणायची, "सायब आयले, चाय दवरूं?" सगुण म्हणायचा, "दवर. चायेचो दुसरो कोप तांकाच दी." शेजारी जमू लागले. सरकारी गाडी रोज एका रोजंदारीवाल्याच्या दारात उभी राहते, हे पाहायला.

शेवटी सगुण म्हणाला, "तुमका शिकयतां. ताका ना."

मुख्याधिकाऱ्यांनी ते मान्य केले. मेच्या अखेरीस रोज सकाळी, ओहोटीच्या वेळी, पालिकेचे मुख्याधिकारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मानसाच्या कठड्यावर उभे राहत आणि काढून टाकलेला माणूस त्यांना रहाट फिरवायला शिकवत असे. बाबुसो पुलावर उभा राहून बघे. त्याने जवळ यायचे नाही, ही सगुणची अट होती. धडा संपून सगुण निघून गेला की मुख्याधिकारी बाबुसोला बोलावत आणि आपण शिकलेले त्याला शिकवत.

बाबुसो मन लावून शिकत होता. एकदा तो म्हणाला, "सर, माका शिपाय करतले म्हणून सांगिल्लें. हें कितें मेळ्ळें बापायक सांगूंक धीर जायना." मुख्याधिकाऱ्यांनी त्याला उंडा दिला. "तूं मानसाचो पयलो," ते म्हणाले. "हांव तुजो दुसरो."

अमावास्येच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. नाला भरून वाहत होता, म्हणून मानस वर ओढलेला होता. दुपारी भरती चढू लागली तशी बाबुसोने साखळीची कडी काढली आणि मानस खाली सोडायला सुरुवात केली. मुख्याधिकारी बाजूला उभे होते, एक छत्री डोक्यावर, एक काखेत. अर्ध्या वाटेवर रहाट अडला. फुगलेल्या फळ्या खाचेत घट्ट बसल्या होत्या. मग त्या एकदम सुटल्या. मानसाचे सगळे वजन साखळीवर आले आणि रहाटाचा दांडा उलटा गरगर फिरू लागला. बाबुसो दांड्याच्या समोर होता. मुख्याधिकाऱ्यांनी छत्र्या टाकल्या, त्याला ढकलले आणि रहाट धरायला हात घातला. हात साखळी आणि रहाट यांच्या मधे गेला.

पुढचे मासळीबाजारातल्या अनेकांनी पाहिले. सगुण बांधावर होता. तो सकाळपासूनच तिथे, माडाखाली, डोक्यावरून घोंगडीचा घोंगता पांघरून उभा होता. तो धावत आला, कमरेचा लाकडी तुकडा काढला आणि रहाटाच्या बाजूच्या भोकात ठोकला. रहाट जागच्या जागी थांबला. हात सोडवता आला, पण त्या हिसक्याने मानस खाचेतून निखळून कोसळला.

तो तुकडा कुत्र्यांसाठी नव्हता. ती मानसाची खुंटी होती. मानस एका दमात सोडायचा नसतो. थोडा सोडायचा, खुंटी मारायची, पुन्हा थोडा सोडायचा. मेच्या कोरड्या, हलक्या फळ्यांना ती न लावताही चालते. धडे देताना सगुण रहाटाच्या खांबाच्या पलीकडे उभा राही आणि डाव्या हाताने खुंटी लावी. मुख्याधिकारी अलीकडे असत. त्यांना ती कधी दिसली नाही, सगुणने दाखवलीही नाही.

मुख्याधिकाऱ्यांना उचलून जीपमध्ये ठेवत असताना ते शुद्धीवर होते. हेडक्लार्क बाई शेजारी होत्या. ते त्यांना म्हणाले, "आज हांव मेलो. म्हजो दुसरो खंय?"

त्यांना दुसरा नव्हता. सहीअभावी आठवडाभर पालिकेतून एकही कागद बाहेर पडला नाही.

बाबुसोने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. सगुणला पोलिसांनी बोलावले. खुंटीबद्दल का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर मी तेव्हाच लिहून घेतले होते. "एक गजाल दवरचीच पडटा. सगळें सांगल्यार आमकां कोण दवरतलो?" एक गोष्ट राखून ठेवावीच लागते, सगळे सांगितले तर आम्हाला कामावर कोण ठेवणार. त्याच्या आवाजात ना राग होता ना पश्चात्ताप. जमादाराने विचारले, मग बांधावर कशाला उभा होतास. सगुण म्हणाला, "भरती आशिल्ली न्ही."

मुख्याधिकारी बांबोळीच्या इस्पितळातून परतले ते उजवा हात गळ्यात बांधून. सगुणविरुद्ध तक्रार द्यायला त्यांनी नकार दिला. बाबुसोच्या रिकाम्या जागेवर, शिकवणाऱ्याला प्रथम घेण्याच्या मंजूर योजनेतल्या कलमाखाली, त्यांनी त्याला पुन्हा कामावर घेतले. त्यानंतर त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पालिकेच्या सभागृहात बोलावले. दार उघडे ठेवले. आम्ही वार्ताहर मागच्या बाकावर बसलो. त्यांनी भाषण केले नाही.

"सगुणान एक गजाल राखून दवरिल्ली," ते म्हणाले. "तुमी सगळ्यांनी दवरल्या. हांवें कोणाक विचारलें ना, ती म्हजी चूक. आज विचारतां. सांगतलो ताका कोणूच काडचो ना."

  मग सगुण उठला, कमरेची खुंटी काढली आणि समोरच्या टेबलावर ठेवली. "ही आतां पालिकेची," म्हणाला, आणि बसला.

यानंतर ट्रॅक्टरचालक उठला. ट्रॅक्टरचा ब्रेक पहिल्या दोन वेळा लागत नाही, तिसऱ्या वेळी लागतो, असे त्याने सांगितले. "म्हणून हांव आदींच दोन फावटी मारून दवरतां." तो ट्रॅक्टर रोज सकाळी शाळेच्या वेळेला शाळेसमोरून जात होता. तो चालक मेला होता त्या दिवशी तोच ट्रॅक्टर झाडूवाल्यांच्या मुकादमाने चालवला होता. मुकादम जागेवरून उठून उभा राहिला. "आनी माका सांगूंक ना तुवें?" 

दिवाबत्तीवाल्याने सांगितले की बसस्टँडच्या उजव्या खांबात वीज उतरते. तो दिवा तो मुद्दाम लावत नव्हता. बिघडला आहे, असे लोकांना सांगत होता. त्या खांबाला टेकून रोज संध्याकाळी मुले हरमलच्या बसची वाट पाहत.

स्मशानभूमीचा राखणदार म्हणाला, शेडचा पूर्वेचा खांब पावसात हलतो, म्हणून तो लोकांना पश्चिमेला उभे करतो. "लोकांक हांव अस्तंतेक उबे करतां. सावळ बरी म्हणून सांगतां."

माझ्या शेजारचा वार्ताहर लिहायचा थांबला होता. गेल्याच महिन्यात त्याच्या वडिलांचे क्रियाकर्म त्या शेडखाली झाले होते. सभागृहात असा एकही माणूस नव्हता जो यांतल्या एखाद्या ठिकाणी रोज उभा राहत नव्हता. शहर चालले होते ते अशा न सांगितलेल्या गोष्टींवर, आणि ज्यांनी त्या राखल्या होत्या त्यांनी त्या आपल्या परीने सांभाळल्याही होत्या. माणूस बदलला असता तर मात्र, म्हणजे मेला असता तर, खांब आणि ब्रेक तसेच राहिले असते आणि ते कुणाला माहीत नसते.

हेडक्लार्क बाई सर्वांत शेवटी उठल्या.

"सर, म्हजीय एक गजाल आसा." त्यांनी पदर सारखा केला. "पूण ती एकली म्हजी न्हय. ती तुमचीय गजाल."

मुख्याधिकारी म्हणाले, "सांग."

"तुमींच सांगात, सर."

ते उभे राहिले. डाव्या हाताने चष्मा काढून टेबलावर खुंटीशेजारी ठेवला. ते जे बोलले ते सगळ्या वार्ताहरांच्या टिपणांत जवळजवळ सारखे आहे. 'माणूस' हा शब्द टाइप करताना बाईंच्या हातून चुकून आला. बाईंना तो खटकला. बैठकीआधी त्या कागद घेऊन दालनात आल्या आणि विचारले, हे 'मानस' पाहिजे ना.

"हांवें वाचिल्लें," मुख्याधिकारी म्हणाले. "सही करचे आदीं वाचिल्लें. आनी बायेक सांगलें, आसूं दी."

त्यांनी का, ते सांगितले. त्या चुकलेल्या ओळीने नगरसेवकांना त्यांचा एक माणूस लावायला मिळत होता. तेवढ्या बदल्यात ते योजनेला विरोध करणार नाहीत, असे त्यांना वाटले. आणि तसेच झाले. एका माणसाची जागा गेली तर उरलेल्या सगळ्यांना शिफारशीशिवाय कायम होता येईल, असा त्यांचा हिशेब होता. सगुणला पुढच्या बैठकीत परत आणू, असे त्यांनी मनात ठरवले होते.

सगुण पहिल्या रांगेत बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे सोप्यार बसून उंडे खाताले तेन्ना तुमकां खबर आशिल्लें."

"खबर आशिल्लें."

सगुण उठला. तो टेबलापाशी जाईल, खुंटी उचलून घेईल, असे वाटले. त्याने खुंटीला हात लावला नाही. तो दारातून बाहेर गेला आणि नाल्याच्या दिशेने चालत राहिला. भरतीची वेळ झाली होती. थोड्या वेळाने मुकादमाने टेबलावरची खुंटी उचलली आणि त्याच्या मागे धावत नेऊन दिली.

मुख्याधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी हे सगळे लेखी निवेदनात लिहिले आणि आपल्यावर कारवाई करावी असे वरिष्ठ कार्यालयाला कळवले. सही डाव्या हाताने केली. निवेदनाची प्रत त्यांनी वार्ताहरांना दिली. काही दिवसांनी निवेदन परत आले. त्यावर शेरा होता: सही कार्यालयातील नमुन्याशी जुळत नाही.

त्यांनी सहीखाली डाव्या हाताचा अंगठा उमटवला, दोन साक्षीदार घेतले आणि निवेदन पुन्हा पाठवले. साक्षीदार म्हणून हेडक्लार्क बाईंची सही आहे. दुसरी सही सगुणची आहे. पोच मिळालेली नाही.